आठवी ते दहावीसाठी शाळेत पोलिसांचं सत्र: पत्र कुणाला, मुलं किती, विषय कोणते?

पालकसंघ_धायरी:
सिंहगड रस्त्यावरच्या एका सेमी-इंग्रजी शाळेच्या पालक-शिक्षक संघातर्फे विचारते आहे. आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, एकूण साधारण २९० मुलंमुली. पोलिसांना बोलावून सुरक्षिततेवर सत्र घ्यायचं ठरलंय. मुख्याध्यापकांचा बेत असा: शनिवारी सकाळी सगळ्यांना मैदानावर बसवायचं, साहेबांचं तासभर भाषण, आभार, फोटो. आम्हा काही पालकांना वाटतं की यातून मुलांच्या हाती काही लागणार नाही. पण मग पर्याय काय, हे नेमकं मांडता येत नाहीये.

प्रश्न असे: पत्र कुणाच्या नावे द्यायचं? एका वेळी किती मुलं बसवावीत? मोबाइल, गाडी, व्यसनं, छेडछाड यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं? आणि सत्रानंतर एखाद्या मुलीने किंवा मुलाने काही गंभीर सांगितलं तर शाळेने त्याच दिवशी काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाळेतही कुणाकडे नाही.

जुनी_चौकी:
मैदान टाळा. २९० जणांसमोर "मला एक जण फोटोवरून धमकावतोय" असं कुणी विचारत नसतं. तिथे विचारलं जातं ते "सर, पीएसआय व्हायला काय करावं लागतं?" एक तुकडी, एक वर्ग, ४५ मिनिटं. तुमच्या सहा तुकड्या म्हणजे तीन-तीनच्या दोन सकाळी. आठवी आणि दहावी एकत्र बसवू नका. दहावीची मुलं हसली की आठवीची गप्प होतात.

पत्र हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या. आधी हद्द तपासा. पुण्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये सात नवीन ठाणी झाली, त्यात नांदेड सिटी आणि आंबेगावही आहेत, त्यामुळे तुमच्या पट्ट्यात जुन्या सवयीने दिलेलं पत्र दुसऱ्याच ठाण्याच्या फायलीत पडून राहू शकतं.

पत्रात "मार्गदर्शनासाठी अधिकारी पाठवावा" एवढंच लिहिलंत तर त्या दिवशी जो मोकळा असेल तो येईल. पद लिहून मागा: बाल कल्याण पोलीस अधिकारी. बाल न्याय कायदा २०१५, कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा असा एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. पोलीस काका, पोलीस दीदी, दामिनी पथक ही नावंही तुमच्या कानावर असतील. उपक्रमांची नावं आणि त्यातली माणसं बदलत राहतात, कायद्यातलं पद राहतं. पाठलाग आणि छेडछाडीसाठी दामिनी पथकातल्या महिला अंमलदार वेगळ्या मागा, कारण शाळा सुटताना गेटवर आणि बसथांब्यावर प्रत्यक्षात त्याच येतात. मुलींना त्यांचा चेहरा ओळखीचा झाला तरी बरंच साधतं.

पत्रात आणखी चार गोष्टी असू द्या: इयत्ता आणि संख्या, माध्यम, जास्तीत जास्त तीन विषय, आणि मुख्य तारखेसोबत दोन पर्यायी तारखा. अधिकाऱ्याला ऐनवेळी कोर्टाचा समन्स किंवा बंदोबस्त लागतोच. पालख्या शहरात असतानाचे दिवस, गणपती आणि त्याआधीचा आठवडा, नवरात्र, निवडणुका, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी या तारखा मागूच नका. जुलैचा उत्तरार्ध किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा नोव्हेंबर सोयीचा. डिसेंबरात तुमचंच स्नेहसंमेलन आडवं येईल.

"हे नको" असंही लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं पोहोचत नाही. अपघाताचे रक्तबंबाळ फोटो नकोत. जप्त केलेल्या कोयत्यांचं प्रदर्शन नको. नववीतल्या काही मुलांना त्याची भीती वाटत नाही, भुरळ पडते, आणि संध्याकाळी त्याचीच रील दिसते. आणि "एकदा गुन्हा दाखल झाला की पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही, आयुष्य संपलं" हे वाक्य तर नकोच नको. मुलांच्या बाबतीत ते कायद्यानेही चुकीचं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही. अपवाद आहे तो सोळा पूर्ण झालेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. आता हे वाक्य ऐकलेला मुलगा काय करतो? मित्राच्या सांगण्यावरून दप्तरात कोयता ठेवला असेल तर तो घरी सांगत नाही, कारण त्याच्या मते सगळं आधीच संपलेलं असतं. खरी माहिती पुरेशी गंभीर असते: पोलीस ताब्यात घेतात, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करतात, मंडळ घरी सोडू शकतं किंवा येरवड्याच्या निरीक्षणगृहात पाठवू शकतं. हे असंच, आवाज न चढवता सांगायला सांगा.

समुपदेशिका_कर्वेनगर:
प्रश्नांच्या चिठ्ठ्या सत्राच्या दोन-तीन दिवस आधी घ्या. पद्धत महत्त्वाची आहे. सगळ्यांना एकाच मापाचा कागद, सगळ्यांनी पेन्सिलने लिहायचं, आणि प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच. ज्याला काही विचारायचं नाही त्याने "आज डब्यात काय होतं" तेवढं लिहावं. नाहीतर लिहिणारे चारच जण असतात आणि वर्गात कोण लिहीत बसलं होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी वाचू नयेत, त्यांना अक्षर ओळखू येतं. समुपदेशकाने वाचून प्रश्न टाइप करावेत आणि ते टाइप केलेलं पान अधिकाऱ्याला आदल्या दिवशी द्यावं. सत्रात वर्गशिक्षक मागे उभे असतील तर पुढचे प्रश्न येत नाहीत. त्यांच्याऐवजी एखादी न शिकवणारी व्यक्ती बसवा, म्हणजे शिस्तीपुरतं कुणीतरी असेल.

चिठ्ठ्या वाटतानाच सांगायचं: "कुणी त्रास देतंय असं लिहिलंत तर मी ते लपवून ठेवू शकणार नाही, पण मदत मिळेल." यामुळे काही चिठ्ठ्या कमी येतील, त्या येऊ देत. गुप्ततेचं खोटं वचन देऊन मिळवलेली माहिती पुढे मुलाचाच विश्वास तोडते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सत्राइतकीच तयारी त्यानंतरच्या आठवड्याची हवी, कारण मुलं बहुधा सत्रात बोलत नाहीत, नंतर एखाद्या मॅडमना गाठून बोलतात, तेही तास सुटता सुटता. त्या मॅडमना काय करायचं ते आधीच माहीत हवं.

ऐकून घ्या. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस. यात तुझी चूक नाही. हे मला एकटीला ठेवता येणार नाही, पण पुढे कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." एवढीच वाक्यं, याच क्रमाने. विचारायचं फक्त जुजबी: काय झालं, कुणी केलं, साधारण कधी, आणि आज घरी जाणं सुरक्षित आहे का. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो आणि त्रास देणारा घरातलाच असेल तर तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. "तू आधीच का नाही सांगितलंस", "नक्की ना?", "तेव्हा तू काय घातलं होतंस" हे प्रश्न नाहीत, आरोप आहेत. खोदून खोदून तपशील काढू नका. तो जबाब पोलीस घेतील. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम २४ प्रमाणे मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक आणि गणवेशाविना.

नंतर लगेच, मुलाच्याच शब्दांत लिहून काढा. शब्द सभ्य करू नका. तारीख, वेळ, सही. इथे शाळांकडून नेहमी होणारी चूक म्हणजे मुलीला मुख्याध्यापकांपुढे, मग पर्यवेक्षकांपुढे, मग संस्थेच्या माणसापुढे तेच पुन्हा सांगायला लावणं. चौथ्या वेळी हकिगत थोडी बदलते आणि बचावाचा वकील नेमका तेवढाच धागा ओढतो.

दुसरी चूक म्हणजे "आधी आपण चौकशी समिती नेमू, मग बघू." पॉक्सो कायदा २०१२, कलम १९: गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची साधार भीती असलेल्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाबाबत संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सिद्ध करणं हे शाळेचं काम नाही. चांगल्या हेतूने कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलं एक प्रश्न नेहमी विचारतात: मैत्रिणीचं मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, तर मलाही शिक्षा? नाही. कलम २१ ची ही शिक्षा मुलांना लागू नाही. सत्रात हे आवर्जून सांगायला लावा, त्याने कितीतरी मुलं मोकळी होतात.

नाव, वर्ग, "ती अमुक तुकडीतली" एवढंसुद्धा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेलच (शासन निर्णय २०२२ चा आहे). पेटी कुठे टांगली आहे ते एकदा बघून या. मुख्याध्यापकांच्या दाराशी, कॅमेऱ्याखाली असेल तर ती रिकामीच निघणार.

पालकसंघ_धायरी:
खूपच उपयोगी. पेटी ऑफिसच्या खिडकीखाली आहे, तेव्हा ती हलवायला सांगतेच. दहावीच्या मुलांकडून "संमतीने असेल तर?" हा प्रश्न येणार हे नक्की. त्यावर काय उत्तर द्यायला सांगावं? आणि मोबाइलबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

वकीलवाडी:
संमतीवर गोलमोल उत्तर देऊ देऊ नका. कायदा आज असा आहे: १८ खालच्या व्यक्तीची संमती लैंगिक संबंधांत धरली जात नाही, दोघंही सतरा वर्षांचे असले तरी. तक्रार आली की पोलिसांना नोंद करावीच लागते. मुलाला जामीन मिळतो की नाही, पुढे न्यायालय काय म्हणतं, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं. एवढं सांगून थांबावं. नीतिपाठ जोडला की वर्ग हातातून जातो.

धडा_नको_स्क्रीनशॉट_घ्या:
मोबाइलवर पाच विषय घेण्यापेक्षा एकच घ्या आणि तो हाताने करून घ्या: धमकी आल्यावर पहिला तास.

नमुना सगळीकडे सारखा असतो. इन्स्टावर अनोळखी मुलीचा फोटो लावलेल्या खात्यावरून विनंती येते, दोन दिवस गप्पा, मग व्हिडिओ कॉल, कॉल रेकॉर्ड होतो, आणि दहा मिनिटांत फॉलोअर्सची यादी पाठवून पैसे मागितले जातात. यात मुलगे जास्त अडकतात, आणि ते कुणालाच सांगत नाहीत. हल्ली तर कॉलचीही गरज नाही. साध्या फोटोवरून बनावट नग्न फोटो तयार होतो. तो बनावट आहे म्हणून गुन्हा हलका होत नाही.

क्रम असा, आणि क्रमालाच महत्त्व आहे. पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की रक्कम वाढते, मागणी थांबत नाही. चॅट डिलीट करायचं नाही. मग स्क्रीनशॉट: पूर्ण चॅट, वेळ दिसेल असं, आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून वेगळी ठेवायची. नुसतं युजरनेम पुरत नाही, ते समोरचा मिनिटात बदलतो. फोन नंबर, यूपीआय आयडी लिहून घ्यायचे. त्यानंतर ॲपमध्ये रिपोर्ट, आणि सर्वांत शेवटी ब्लॉक. मुलं घाबरून आधी ब्लॉक करतात, मग अकाउंट उघडत नाही आणि तक्रारीत लिहायला काहीच उरत नाही.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. फोन लावताना हाताशी हवं: बँकेचं नाव, रक्कम, वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयमध्ये तो बारा अंकी असतो). पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, त्यामुळे जितक्या लवकर फोन तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. फोटोच्या प्रकरणात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसाठीच्या विभागात तक्रार होते. नाव न देताही होते, पण मग तिचा पाठपुरावा करता येत नाही, म्हणून पालकांसोबत नाव देऊन केलेली बरी.

फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या फोटोंसाठी. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. इन्स्टा आणि फेसबुक त्यात आहेत. मर्यादाही सांगा: व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये त्याचा उपयोग नाही.

शिक्षकांसाठी स्वतंत्र सूचना: असा फोटो "पुरावा म्हणून" स्वतःच्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करू नका. १८ खालच्या व्यक्तीचा अश्लील फोटो बाळगणं आणि पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७ब आणि पॉक्सोच्या कलम १५ खाली प्रश्न होऊ शकतो, हेतू कितीही चांगला असो. फोन बंद न करता फ्लाइट मोडवर टाकायचा, पालकांना बोलवायचं, आणि तो तसाच पोलिसांकडे न्यायचा.

वर्गात सराव करायचा तर खोटं प्रोफाइल छापील कागदावर द्या, चौघांचा गट, दहा मिनिटं: यातून तक्रारीसाठी कोणत्या पाच गोष्टी उतरवून घ्याल? लिंक आणि वेळ हमखास सुटतात. मग अधिकाऱ्याने दाखवावं. शेवटी घरचा अभ्यास: प्रत्येकाने घरी जाऊन व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासायचं आणि आजी-आजोबांना सांगायचं की 'डिजिटल अरेस्ट' (व्हिडिओ कॉलवरून केलेली म्हणे अटक) नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही.

दहावीला एक जास्तीचं: "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." बँक खातं, सिमकार्ड, यूपीआय दुसऱ्याला वापरायला दिलं की फसवणुकीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलिसांच्या हाती पहिलं नाव खातेदाराचं लागतं. पुण्यात क्लासच्या निमित्ताने एकटी राहणारी अकरावी-बारावीची मुलं यात सापडतात, म्हणून दहावीतच सांगून ठेवलेलं बरं.

सिग्नल_तोडू_नका:
गाडीचा विषय असेल तर भाषण वर्गात नको, खडू घेऊन मैदानावर (मैदानाचा हाच खरा उपयोग). ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर नुसतेच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ९-१० मीटर. एकूण वीस. ताशी ६० ला हेच ३५ च्या पुढे. दोन्ही अंतरं टेपने मोजून खडूने आखा आणि मुलांना एका टोकाला उभं करा. पावसाळ्यात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि डांबरावरच्या तेलकट थरावर अंतर आणखी वाढतं हे त्यांना मग वेगळं पटवावं लागत नाही.

दुसरं, शाळेची बस उभी असतानाच प्रत्येकाला चालकाच्या जागेवर बसवा आणि तीन-चार मुलांना पुढे डाव्या कोपऱ्याशी उभं करा. ती दिसत नाहीत. पीएमपीच्या बसच्या डावीकडून सायकल घालू नये, ते का, हे एवढ्यावरच कळतं.

कायदा पालकांना सांगायचा आहे, मुलांना नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर हे कलम पुण्यात सगळ्यांच्या तोंडी आलं, तरी क्लासबाहेर ॲक्टिव्हांच्या रांगा आहेतच. "सोळाव्या वर्षी विनागिअर चालते" हे अर्धसत्य आहे: ती ५० सीसीपर्यंतच, आणि बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर ११० च्या आहेत. बॅटरीच्या स्कूटरवरही तोच घोळ. मोटरची शक्ती २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तरच लायसन्स लागत नाही. दुकानदार सांगतो त्यावर जाऊ नका, कागद बघा.

जुनी_चौकी:
व्यसनांचं राहिलं. थोडक्यात: वेगवेगळ्या गोळ्या-पुड्यांची नावं आणि चित्रं दाखवू नका, ती जाहिरात होते. दोनच गोष्टी. अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद (बाल न्याय कायदा, कलम ७७), म्हणजे या व्यवहारात पोलिसांच्या लेखी मूल हे आधी पीडित असतं. आणि मदतीसाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, शिवाय येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. शाळेच्या १०० यार्डांत टपरीवर तंबाखू विकली जात असेल तर पत्रात तेही लिहा, अधिकारी येताना पाहून येतील.

पालकसंघ_धायरी:
मुख्याध्यापकांना आता एक शंका आहे: असं सगळं मोकळं केलं आणि दोन-तीन तक्रारी निघाल्या, तर शाळेचं नाव जाईल. आणि पालकांना बोलवायचं का?

समुपदेशिका_कर्वेनगर:
पालकांना मुलांच्या सत्राच्या आधीच्या आठवड्यात बोलवा, संध्याकाळी साडेसहाला, पाऊण तास. नंतर नको. मूल घरी येऊन बोललं आणि बापाने आधी मोबाइल हिसकावला, तर सत्र तिथेच संपलं. पुरावाही त्या मोबाइलमध्येच असतो. पालकांकडून एवढंच हवं: मुलाने सांगितलं तर त्या दिवशी फोन काढून घ्यायचा नाही, ओरडायचं नाही, आधी १९३० किंवा ठाणं. मुख्याध्यापकांना पॉक्सोच्या कलम २१ ची प्रत द्या. दडवलेली तक्रार पुढे बाहेर आली की नाव किती जातं ते त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

सत्रानंतर तीन आठवड्यांनी अर्धा तास पुन्हा मागून ठेवा, त्याच अधिकाऱ्याचा, भाषणाविना. मधल्या सुट्टीत नुसतं एका खोलीत बसायचं, साध्या कपड्यांत, समुपदेशकासोबत. खोली स्टाफरूमच्या वाटेवरची नको. वाचनालय चालेल, तिथे जाण्याचं कारण कुणी विचारत नाही.

जुनी_चौकी:
ते तीन आठवड्यांनंतरचंही पहिल्याच पत्रात घाला, वेगळं मागितलं तर राहून जाईल. पत्राच्या दोन प्रती न्या. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन यायचं. आठ दिवसांत फोन आला नाही तर तो क्रमांक सांगूनच विचारा.